सँटोरिनीत कड्यावरचं हॉटेल घेताना: कशानंतर काय करायचं

रात्रीला चाळीस हजार रुपये मोजलेल्या खोलीतून सूर्यास्त दिसतच नाही, हे पोचल्यावर कळलेलं जोडपं. गुडघे दुखणाऱ्या आईला नव्वद पायऱ्या उतरवून खोलीत नेणारा मुलगा. ‘प्रायव्हेट पूल’मध्ये पाय टाकल्यावर वरच्या गल्लीतून डोकावणारी माणसं बघून आत पळालेली नवी नवरी. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाहून परतलेल्या मंडळींकडून या गोष्टी मी इतक्यांदा ऐकल्या आहेत की आता पुढचं वाक्य मीच पूर्ण करतो. हॉटेलवाल्याने यातलं फारसं काही लपवलेलं नसतं. आपण विचारलेलं नसतं, किंवा पैसे भरून झाल्यावर विचारलेलं असतं.

बेटाची रचना एकदा डोळ्यांपुढे आणा, पुढचं सगळं सोपं जाईल. पश्चिमेला सरळ तुटलेला कडा आहे आणि त्याच्या पायाशी ज्वालामुखीचं समुद्राने भरलेलं विवर, म्हणजे कॅल्डेरा. पूर्वेला जमीन उतरत जाऊन काळ्या वाळूच्या किनाऱ्यांना मिळते. महागडी बुटीक हॉटेलं बहुतेक त्या कड्यातच आहेत, जुन्या कोरीव गुहाघरांमध्ये, एकाखाली एक.

टप्पा १: आधी तारखा

कड्यावरची बहुसंख्य हॉटेलं साधारण एप्रिल ते ऑक्टोबरअखेर एवढीच उघडी असतात. आपल्याकडे लग्नांचा मोसम सुरू होतो तुळशीच्या लग्नानंतर. त्यामुळे ‘डिसेंबरात लग्न आणि लगेच सँटोरिनी’ हा बेत बहुतेक वेळा इथेच अडकतो. थोडी हॉटेलं हिवाळ्यातही चालू असतात आणि दरही मोहात पाडतात, पण गावातली बरीच दुकानं-खानावळी कुलूपबंद, स्विमिंग पूल गारठलेले आणि वारा असा की गच्चीवर चहा घेणं जमत नाही. त्यापेक्षा हनिमून मेपर्यंत पुढे ढकला. कुणी हसलं तर हसू द्या.

मे महिना आपल्या शाळांच्या सुट्टीलाही जुळतो. हवा सुरेख, पण पाणी थंड. जुलै-ऑगस्टमध्ये दर आणि गर्दी दोन्ही टोकाला जातात, शिवाय उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ नावाचा जोरदार वारा सुटतो. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा: समुद्र उन्हाळाभर तापलेला आणि गर्दी ओसरू लागलेली. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर त्या वर्षी दिवाळी कधी आहे ते आधी बघा. नोव्हेंबरात असेल तर तुमच्या हॉटेलने तोवर दार लावलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

तपासा: हॉटेलची यंदाची उघडण्याची आणि बंद होण्याची तारीख. मोसमाच्या पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात खोल्या घेऊ नका. रंगकाम, सुतारकाम, अर्धवट चालणारं स्वयंपाकघर हे सगळं त्याच दिवसांत असतं.

टप्पा २: मग गाव

हॉटेलच्या नावांची यादी करण्याआधी गाव ठरवा. इथे घाई केली की पुढचं काहीही सावरत नाही.

*ओइया.* ग्रीक लोक ‘ईआ’ म्हणतात, बसवाल्याला तेच सांगा. निळे घुमट, पांढऱ्या भिंती, जगभर फिरलेले ते सगळे फोटो इथले. सकाळी आठपर्यंत गाव स्वर्ग असतं आणि सूर्यास्ताच्या तासाभर आधी गणपती विसर्जनाच्या दिवशीचा लक्ष्मी रस्ता. इथे राहायचं तर पहाटेसाठी राहा.

*इमेरोविग्ली.* कड्याचा सर्वांत उंच भाग. शांत, दुकानं मोजकी, समोर स्कारोसचा खडक. फक्त दोघांनी निवांत राहायचं असेल तर मी डोळे मिटून हेच गाव सांगतो. जेवणाचे पर्याय मात्र कमी, त्यामुळे रोज रात्री वेगळं काही खायची हौस असलेल्यांना तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

*फिरोस्तेफानी.* इमेरोविग्ली आणि फिरा यांच्या मधलं. फिराच्या गजबजाटापर्यंत पंधराएक मिनिटांची चाल, तरी रात्री झोप लागते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आणि गाडी न घेणाऱ्यांना सोयीचं.

*फिरा.* बेटाची राजधानी. सगळ्या बसगाड्या इथूनच सुटतात. ओइयाहून कामारीच्या किनाऱ्यावर जायचं तरी इथे बस बदलावी लागते. बार आहेत, रात्री उशिरापर्यंत आवाज आहे. हॉटेल कोणत्या गल्लीत आहे यावर सगळं ठरतं.

*पिर्गोस, मेगालोखोरी.* ही आतल्या बाजूची जुनी गावं. कॅल्डेरा दारात नाही, पण त्याच पैशात दुप्पट मोठी खोली मिळते आणि संध्याकाळी चौकात गावातली माणसं बसलेली दिसतात. *अक्रोतिरी* दक्षिणेला, कड्यावरच पण लांब. गाडी असेल तरच.

माझी एक पद्धत आहे, पटली तर घ्या. चार रात्री असतील तर पहिल्या दोन पिर्गोससारख्या गावात काढून बेट फिरून घ्यायचं आणि शेवटच्या दोन कड्यावर, तेव्हा हॉटेलबाहेर पडायचंच नाही. दिवसभर अक्रोतिरीचं उत्खनन आणि किनारे बघत हिंडायचं आणि त्याच दिवसांत महागड्या खोलीचं भाडंही भरायचं, हा हिशेब मला कधी कळला नाही. तीनच रात्री असतील तर मात्र हॉटेल बदलू नका.

टप्पा ३: खोलीचं तोंड कुठे आहे

सर्वाधिक पैसे वाया जातात ते इथे. ‘कॅल्डेरा व्ह्यू’ आणि ‘सनसेट व्ह्यू’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उन्हाळ्यात सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, बराच उत्तरेकडे सरकून मावळतो. ओइयाचा कॅल्डेऱ्याकडचा उतार बहुतांशी दक्षिणेला बघतो. म्हणजे जूनमध्ये तिथल्या अनेक खोल्यांतून विवर झकास दिसतं, पण सूर्य मागच्या टेकाडाआड जातो. गावाच्या पश्चिम टोकाला, पडक्या किल्ल्याजवळ, सूर्य थेट पाण्यात बुडताना दिसतो. सगळं जग तिथे जमतं ते त्यासाठीच. फिरा आणि इमेरोविग्लीतून जूनमध्ये सूर्य थिरासिया बेटाच्या किंवा ओइयाच्या बाजूच्या जमिनीकडे उतरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो दक्षिणेकडे सरकतो तसं दृश्य बदलत जातं. अक्रोतिरीच्या कड्यावरची हॉटेलं तर उत्तरेला तोंड करून आहेत: समोर फिराचे दिवे छान दिसतात, सूर्यास्तासाठी दीपगृहापर्यंत जावं लागतं. आणि ‘सी व्ह्यू’ एवढंच लिहिलं असेल तर तो बहुधा पूर्वेकडचा समुद्र. सूर्योदय मिळेल, तोही सुंदर असतो, फक्त दर त्या हिशेबाने असावा.

तपासा: नकाशाच्या उपग्रह दृश्यात हॉटेल शोधा. फोटोतली चर्चची घंटा, स्विमिंग पूल, जिने यांवरून आपली खोली कोणत्या कोपऱ्यात ते ओळखा. मग त्या तारखेची सूर्यास्ताची दिशा दाखवणारं एखादं मोफत अ‍ॅप उघडून नकाशावर रेषा मारा. काम दहा मिनिटांचं आहे.

टप्पा ४: खोलीचं वर्णन ओळीओळीने वाचा

हॉटेल उत्तम आणि खोली निकृष्ट, असं या बेटावर सर्रास घडतं, कारण गुहाघरांत दोन खोल्या सारख्या नसतात. एकाच हॉटेलात पहिल्या पातळीवरची खोली रस्त्यालगत आणि शेवटची कड्याच्या पोटात. त्यामुळे हॉटेलचे तारे बाजूला ठेवून खोलीच्या प्रकाराचं नाव धरून चालायचं.

‘केव्ह’ शब्द दिसला की समजा: लांबट, कमानदार छताची खोली, उजेड फक्त दारातून. पलंग बहुधा सर्वांत आत, तिथे खिडकी नाही. उन्हात गारवा छान राहतो, पण दमटपणाही असतो. दम्याचा त्रास असेल किंवा बंद जागेत जीव घाबरत असेल तर पुढच्या बाजूला खिडकी असलेली खोली मागा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये बघा. वीस चौरस मीटर म्हणजे जेमतेम २१५ चौरस फूट, दोन मोठ्या बॅगा उघडल्या की संपलं.

पूल-टबांच्या नावांचा तर वेगळा शब्दकोशच आहे. ‘प्लंज पूल’ म्हणजे डुंबायचं टाकं, पोहायचं नाही. ‘हॉट टब’ किंवा ‘जकुझी’ म्हणजे दोघांपुरता गरम पाण्याचा हौद. ‘केव्ह पूल’ अर्धा गुहेत, म्हणजे ऊन नाही. ‘हीटेड’ लिहिलेलं असलं तरी कोणत्या महिन्यांत गरम करतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात का, हे विचारायचंच. आणि ‘प्रायव्हेट’ म्हणजे दुसरं कुणी वापरणार नाही एवढंच. दुसरं कुणी बघणार नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

सावध: हॉटेलने टाकलेले फोटो ड्रोनने किंवा रुंद भिंगाने काढलेले असतात. पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा, त्यातही खोलीच्या दारात उभं राहून वरच्या दिशेने काढलेले. गल्ली किती जवळ आहे ते त्यात कळतं.

टप्पा ५: पायऱ्या, म्हातारी माणसं, लहान मुलं

कड्यावर गाडी दारापर्यंत जात नाही. गाडी वरच्या रस्त्यावर थांबते, तिथून हमाल बॅगा खांद्यावर घेऊन उतरतो आणि तुम्ही मागून. पायऱ्या ओबडधोबड, उंची कमी-जास्त, अनेक ठिकाणी कठडा नाही. नाश्त्याची गच्ची, स्वागतकक्ष आणि खोली तीन वेगळ्या पातळ्यांवर असू शकतात. म्हणजे ‘खोलीपर्यंत किती पायऱ्या’ एवढंच विचारून भागत नाही. गाडी थांबते तिथून स्वागतकक्ष, स्वागतकक्षापासून खोली आणि खोलीपासून नाश्ता, असे तीन आकडे मागा.

आईवडिलांना घेऊन जाताय आणि गुडघ्यांची तक्रार आहे? तर कड्याचा हट्ट सोडा. कामारी किंवा पेरिसाच्या सपाट किनाऱ्यावर चांगली छोटी हॉटेलं आहेत, कडा बघायला एक संध्याकाळ टॅक्सीने जाता येतं. माझ्या एका मित्राने हे ऐकलं नाही. त्याच्या आई तीन दिवस खोलीतच बसून होत्या, समुद्राकडे बघत. तक्रार केली नाही त्यांनी, पण परतल्यावर सगळ्या आळीला पायऱ्यांचा आकडा तोंडपाठ झाला.

मुलांबाबत दोन गोष्टी. कड्यावरची बरीच हॉटेलं ठरावीक वयाखालच्या मुलांना घेतच नाहीत. ही अट पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असते. घेत असली तरी चालायला लागलेलं मूल आणि बिनकठड्याची गच्ची ही जोडी नको.

टप्पा ६: हॉटेलला एक पत्र

तीन नावं नक्की झाली की तिघांनाही थेट ईमेल करा. लांबण नको, क्रमांक घालून प्रश्न: नेमकी कोणती खोली मिळेल आणि ती बुकिंगमध्ये नोंदवून देणार का, तिथून त्या तारखेला सूर्य समुद्रात मावळताना दिसतो का, पायऱ्यांचे तीन आकडे, वरून कोणाच्या नजरेत खोली येते का, पूलचं पाणी, नाश्ता धरलेला आहे का, बंदरापासून आणि विमानतळापासून ने-आण कितीला, त्या महिन्यात शेजारी बांधकाम चालू आहे का, रद्द केल्यास पैसे किती आणि कधीपर्यंत परत.

उत्तर कसं येतं त्यावरून हॉटेल कळतं. पंधरा खोल्यांच्या चांगल्या हॉटेलात उत्तर देणारी व्यक्ती ती खोली रोज बघत असते, ती सरळ लिहिते की ‘जूनमध्ये सूर्य टेकडीमागे जातो’. ‘सगळ्याच खोल्या अप्रतिम आहेत’ असं उत्तर आलं तर ते नाव खोडा.

याच पत्रात खाण्याचं विचारा. नुसतं ‘व्हेज’ लिहू नका. मांस, मासे, अंडी, आणि जैन असाल तर कांदा-लसूण, यातलं काय चालत नाही ते एकेक लिहा. ग्रीकमध्ये शाकाहारी माणसाला ‘होर्तोफागोस’ म्हणतात. ‘निस्तिसिमो’ म्हणजे उपवासाचं, हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका: त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात. बाकी बेटावर शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. इथला फावा म्हणजे लाखेच्या डाळीच्या जातकुळीतल्या कडधान्याचं घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेल आणि कच्चा कांदा. टोमॅटोची भजीही मिळतात.

टप्पा ७: खरा आकडा काढा, मगच कार्ड

जाहिरातीतल्या दरात नसलेली मोठी रक्कम म्हणजे ग्रीसचा हवामान-कर. एप्रिल ते ऑक्टोबर पंचतारांकित हॉटेलात खोलीमागे रात्रीला १५ युरो, चार ताऱ्यांना १०, तीन ताऱ्यांना ५ असा तो २०२५पासून आहे. माणशी नाही, खोलीमागे. बहुधा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो.

समजा पंचतारांकित खोली रात्रीला ४५० युरो. चार रात्रींचे १,८००. कर ६०. ने-आण ८० धरा. झाले १,९४०. आपल्या बँकेचं परकीय चलनावरचं मार्कअप, म्हणजे बँक वर लावते ते शुल्क, ३.५ टक्के असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून आणखी ८० युरो. म्हणजे १,८००चा सौदा २,०२०ला पडला, अजून पाण्याची बाटलीही घेतलेली नाही. मार्कअप कमी असलेलं कार्ड आधी शोधून ठेवा. आणि तिथे मशीनने ‘रुपयांत भरायचे की युरोत’ असं विचारलं तर दर वेळी युरो. रुपयांचा पर्याय घेतला की विनिमयदर मशीनवाले ठरवतात.

बुकिंग संकेतस्थळावरचा दर आणि हॉटेलचा स्वतःचा दर शेजारी ठेवा. फरक पाच-सात टक्क्यांचा असेल तर मी थेट हॉटेलकडून घेतो, कारण नेमकी खोली लिहून मिळते. पण रद्द करण्याची मुभा संकेतस्थळावर जास्त असेल तर ते घ्या. परतावा नसलेला स्वस्त दर व्हिसा हातात येईपर्यंत घ्यायचा नाही, कितीही लाल अक्षरात ‘शेवटची खोली’ लिहिलेलं असो. २०२५च्या फेब्रुवारीत भूकंपांच्या मालिकेमुळे बेटावर आणीबाणी जाहीर झाली, हजारो लोक बेट सोडून गेले. असं काही झालं तर तुमच्या हातात रद्द करण्याच्या अटीच असतात.

सावध: कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत ना ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघा. बंद असेल तर हॉटेलची पडताळणी फसते आणि बुकिंग रद्द होऊ शकतं. दुसरं, बुकिंगनंतर ‘कार्ड पुन्हा पडताळा’ म्हणून लिंक असलेला निरोप आला तर ती दाबू नका, तो बुकिंग संकेतस्थळाच्या संदेशांच्या खिडकीत आलेला असला तरी. हॉटेलला फोन लावा.

टप्पा ८: व्हिसा

ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निकालाला नेहमी १५ दिवस, अडचण आल्यास ४५ पर्यंत. उन्हाळ्यासाठी भेटीच्या वेळा फार लवकर भरतात, म्हणून मेच्या सहलीची कागदपत्रं थंडीतच तयार ठेवा. प्रौढांची फी ९० युरो, वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा.

हॉटेलच्या कागदांत तीन चुका नेहमीच्या. एक, सहलीतली एखादी रात्र कुठल्याच बुकिंगमध्ये नसणं. रात्रीच्या जहाजाची असेल तर जहाजाचं तिकीट जोडा. दोन, बुकिंगवर एकाचंच नाव. तीन, आणि ही खास आपल्याकडची: नव्या नवरीचं बुकिंग सासरच्या आडनावाने आणि पासपोर्ट माहेरच्या. पासपोर्टवर जे नाव छापलंय तेच सगळीकडे, मधल्या नावासकट.

इटलीही जोडणार असाल तर जास्त रात्री ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज.

टप्पा ९: जायची-यायची वाट

अथेन्सहून विमानाने पाऊण तास. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून वेगवान बोटीने साधारण पाच तास, मोठ्या जहाजाने सात-आठ. पोट नाजूक असेल तर मोठं जहाज. मेल्तेमीत वेगवान बोटीवर पाच तास फार लांब वाटतात. वारा ठरावीक जोरापलीकडे गेला की बोटींना बंदर सोडू देत नाहीत. म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच काढा. १ मे रोजी बोटीचा प्रवास ठरवू नका. आपल्याकडे महाराष्ट्र दिन असतो, तिकडे त्या दिवशी खलाशी सहसा संपावर असतात.

जहाज लागतं अथिनिओस बंदराला. फिराच्या खालचं जुनं बंदर वेगळं, ते क्रूझवाल्यांचं. अथिनिओसला उतरल्यावर शेकडो माणसं, मोजक्या टॅक्सी आणि नागमोडी चढाचा एकच रस्ता. हॉटेलची गाडी आधीच सांगून ठेवा, जहाजाचं नाव आणि वेळ कळवून. भाड्याची गाडी हवी असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्यापूर्वी आरटीओतून काढा. ती गाडी हॉटेलपासून लांबच उभी करावी लागणार हे धरून चला.

बॅगा दोन छोट्या घ्या, एक मोठी नको. उतरायचंय पायऱ्यांवरून.

टप्पा १०: खोलीत पाऊल टाकल्यावर

बॅगा उघडण्याआधी पाच मिनिटं: खोली पत्रात लिहिलेलीच आहे का, पूल गरम आहे का, एसी चालतो का, गुहेच्या आतल्या भिंतीला ओल किंवा वास आहे का. काही खटकलं तर तेव्हाच, शांतपणे, ईमेलची प्रत दाखवून सांगा. संध्याकाळपर्यंत बाकीच्या खोल्या भरतात आणि मग हॉटेलची इच्छा असूनही बदलून देता येत नाही.

नळाचं पाणी समुद्राचं खारेपण काढलेलं असतं, प्यायला बाटलीचंच घ्या. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. बेटावरचे सांडपाण्याचे नळ अरुंद आहेत आणि तुंबले तर रात्री साडेदहाला प्लंबर मिळत नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हमालाची वेळ स्वागतकक्षात लिहून घ्या. सकाळी अकराच्या सुमाराला सगळी हॉटेलं एकदमच खोल्या रिकाम्या करतात, हमाल दोन असतात आणि बॅगा चाळीस. बोट दुपारची असेल तर दहालाच बॅगा वर पाठवा, मग नाश्ता करा.